टाचेची वीट

पूर ओसरल्यानंतरचा दुसरा आठवडा

बाबा,

वर 'तीर्थरूप' लिहिलेलं नाही. विसरलो नाही, गाळलंय. भट्टीवर चारचौघांत 'मला एकच मुलगा' असं सांगणाऱ्या माणसाला त्याच्या दुसऱ्या मुलाने काय म्हणून हाक मारायची ते तुम्हीच कळवा. पुढच्या पत्रात तसं लिहीन.

मी दगडवाल्यांच्या मुलखात आहे. ट्रकवाल्या मामाने सांगितलंच असणार, त्याच्या पोटात काही राहत नाही. टपाल तर बंदच, सरहद्द ओलांडतात ते मिठाचे ट्रक तेवढे. म्हणून हे पत्र मिठाच्या रिकाम्या पोत्यांत दडून येतंय. कागद ओलसर लागला तर मी रडलो असं समजून खूश होऊ नका. मिठाला पाणी सुटतं.

खाणीत कामाला आहे. दगडाला रांगेत भोकं पाडायची, त्यांत लाकडी पाचरी ठोकायच्या आणि त्यांना पाणी पाजत बसायचं. लाकूड फुगतं आणि घराएवढा धोंडा पावासारखा दुभंगतो. पहिल्यांदा तो आवाज ऐकून मी पळालो होतो. सगळी खाण हसली. "चिखल्या पळाला," म्हणाले. आपण त्यांना धोंडे म्हणतो ना, तसे ते आपल्याला चिखल्या म्हणतात. हजारो वर्षं दोन्हीकडच्यांना यापलीकडे शिवी सुचलेली नाही, म्हणजे दोघांचीही अक्कल सारखीच.

आता कामाचं. मी लग्न केलंय. मुलगी इथलीच, पाथरवटाची, स्वतःही छिन्नी चालवते. आणि तुम्हाला नात झालीय. तिच्या इथल्या आजोबांनी तिचं नाव खडी ठेवलंय, खाणीतला सगळ्यात बारीक दगड म्हणून. पाठीवर पडली की पाय झाडते.

आपला कायदा मला समजावू नका, तुमच्याच तोंडून ऐकत मोठा झालोय. मूल जन्मलं की आजोबाने ओल्या विटेत त्याची टाच दाबायची, वीट भाजायची, आणि मूल स्वतःच्या पायाने चालायच्या आत ती घराच्या दाराजवळच्या भिंतीत बसवायची. चालायला लागल्यावर बसवली तर ती नुसती वीट. आणि भिंतीत टाच नाही त्याला आपल्या मुलखात घर नाही, विहिरीवर वाटा नाही, मेल्यावर नाव नाही. त्या भिंतीत तुमची टाच आहे, तुमच्या आजोबांची आहे, दादाची आहे, माझी आहे. माझ्या टाचेला लागून खडीसाठी एक जागा करा. मी मागत नाही, कळवतोय. साचा तयार ठेवा. मामा तिला घेऊन यायला तयार आहे, सरहद्दीवर तान्ह्या मुलाला कुणी विचारत नाही. दोन दिवस तिला ठेवा, टाच घ्या, परत पाठवा. तिच्या आईवर जेवढा राग काढायचा तेवढा माझ्यावर काढा.

आईला वाचून दाखवा. पाय झाडते ते तर नक्की.

तुमचा
(पुढचं तुम्हीच भरा)

भट्ट्या पेटायचे दिवस

बाबा,

मामा आला. हातात काही नाही. त्याला ट्रकातून उतरूही न देता मी विचारलं.

"तुझा बाप साच्यांना तेल लावत बसला होता," तो म्हणाला. "पत्र वाचलं, घडी केली, खिशात घातली."

"फाडलं नाही?"

"फाडलं असतं तर तेच आधी सांगितलं असतं. मग म्हणाला, त्याला सांग, आमच्या भिंतीत धोंडे बसत नाहीत."

"आणखी?"

"आणखी मिठाचा भाव विचारला."

आणि मग मामाने चहा पिता पिता उरलेलं सांगितलं, की मोहल्ल्यातली जाणती मंडळी तुमच्याकडे येऊन बसली होती. पलीकडे संसार थाटणाऱ्याची वीट भिंतीतून काढून चौकात फोडायची हा नियम आहे, आणि साचेदाराच्याच घरात नियम मोडला तर बाकीच्यांना काय सांगायचं, असं त्यांचं म्हणणं. खरं आहे. तुम्ही अख्ख्या मुलखाचं माप सांभाळता. जाडीच्या दुप्पट रुंदी, रुंदीच्या दुप्पट लांबी, आणि एका शहरातली वीट दुसऱ्या कुठल्याही शहरात नेली तरी बरोब्बर बसली पाहिजे. मी बारा वर्षांचा असताना कमानीसाठी एक निमुळती वीट पाडली होती, आठवते? तुम्ही ती न बोलता परत चिखलात टाकलीत आणि माझ्याकडून तुडवून घेतलीत. मी त्या दिवशीच निघालो होतो, पाय तेवढे नंतर हलले.

तर काढा माझी वीट. फोडा. तिच्या जोरावर मी उभा नाही.

पण खडीचं तसं नाही. तिने काय केलंय?

एक गोष्ट सांगतो. शाळेत मी चार इयत्ता काढल्या, त्यांतला एकच धडा पाठ आहे. मास्तर सांगायचे, फार पूर्वी नदी आपल्या शहरांना सोडून लांब गेली. दुसरे कुणी असते तर घरंदारं टाकून निघून गेले असते, आज आपल्या शहरांच्या जागी टेकाडं असती, त्यांवर शेळ्या चरल्या असत्या आणि कुणी परका येऊन आपली मडकी उकरत विचारत बसला असता, ही माणसं कोण होती बुवा? पण आपले लोक हटले नाहीत. त्यांनी वरचा डोंगर फोडला आणि नदीला हाताला धरून परत आणलं. हे ऐकताना माझ्या अंगावर काटा यायचा. अजून येतो.

लग्न ठरलं तेव्हा सासऱ्यांपुढे मी तो धडा छाती काढून म्हणून दाखवला. म्हातारा उठला. मला गावाबाहेर घेऊन गेला. तिथे एक पूल आहे. बिनचुन्याचा, दगडाला दगड असा बसवलाय की मध्ये नख जात नाही. सात कमानी. खाली पाणी नाही. खाली शेळ्या चरतात.

"तुझ्या मास्तरांनी ही बाजू नाही शिकवली?" सासरे म्हणाले. "नदी हाताला धरून नेली म्हणे! ती काय बेवारशी पोर होती?"

त्यांचे लोक मग वर बर्फाकडे सरकले आणि बर्फ साठवायला शिकले. तेही हटले नाहीत. बाबा, म्हणजे दोन्ही बाजू हटल्या नाहीत, आणि म्हणून आजपर्यंत कुणी कुणाचं तोंड बघत नाही. याचा मला अभिमान वाटावा की लाज, ते ठरत नाही. ठरवायला वेळही नाही, खडी रांगायला लागलीय.

तुम्ही वीट पाडत नसाल तर मी पाडतो. साचा माझ्याकडे आहे, तुमचा जुना, कडा झिजलेला. तो मला कुणी दिला, गादीत कुणी शिवून दिला, ते घरात कुणालाही विचारायचं नाही. मी चोरला असं समजा.

तुमचा
साचेचोर

भट्ट्या पेटायचे दिवस, शेवटाकडे

बाबा,

सोबत वीट आहे. चादरीत गुंडाळलीय, हळू उघडा.

दगडवाल्यांच्या मुलखात ही पहिली भट्टी असावी. माती ओढ्याच्या वळणावर मिळाली, करडी, तुपासारखी मऊ. आपल्या मातीपेक्षा देखणी, खोटं कशाला बोलू. चिखल मी तुडवला, तुमच्या सुनेनेही तुडवला. तिला आधी शिसारी आली. म्हणाली, "हे असं पायाने? तुम्ही लोक घर बांधता की जेवण नासवता?" मग गुडघ्यापर्यंत उतरली आणि बाहेर यायला तयार होईना. बघायला अख्खी खाण लोटली. कुणी म्हणालं, जावई चिखलात पडला. कुणी म्हणालं, पडला नाही, माहेरी गेलाय.

एक अडचण होती. टाच आजोबाने दाबायची. मी रात्रंदिवस त्यावर डोकं खाजवलं, आणि मग लक्षात आलं, आजोबाने दाबायची एवढंच आहे. कुठल्या आजोबाने ते कुठे सांगितलंय?

सासऱ्यांना म्हटलं. ते म्हणाले, "मी चिखलाला हात लावणार नाही." मग म्हणाले, "किती दाबायचं?" मग म्हणाले, "बाजूला हो, तुला धरता येत नाही पोरीला."

खडीने पहिल्या विटेला लाथ मारली, दुसरीवर मुतली. तिसरी ही. टाचेच्या शेजारी जो मोठा खड्डा दिसतोय तो सासऱ्यांचा अंगठा आहे. पाथरवटाचा अंगठा, नख तुटलेलं. तो पुसता आला असता. मी पुसला नाही.

भट्टी छोटी रचली, भोवती साध्या विटा, मध्ये ही. विझेपर्यंत शेजारी बसून राहिलो, तुम्ही बसता तसा, गुडघ्यावर हनुवटी ठेवून. तुमची सून म्हणाली, "असे का बसलायत म्हाताऱ्यासारखे?"

आता तुमच्या हातात आहे. साचा तुमचा, पाडणारा तुमच्या हाताखाली शिकलेला, टाच तुमच्या नातीची. आता धोंडा म्हणता येणार नाही, ही वीट आहे. वाजवून बघा. माझीच्या शेजारी बसवा. खडी आता हाताला लागेल ते धरून उभी राहते आणि धपकन बसते. चालायला लागेल, मग सगळं संपलं. घाई करा.

तुमच्या सुनेचा नमस्कार. तिने स्वतःहून सांगितलाय, मी सांगायला लावलेला नाही.

तुमचा
वीटकर

भट्ट्या विझायचे दिवस

बाबा,

वीट परत आली. चादर तीच, गाठ तुमची. तुमच्यासारखी गाठ कुणी मारत नाही, दातांनी सोडवावी लागली.

मामाने निरोप सांगितला. दोन शब्द. "मापात नाही."

मला वाटलं ही तुमची नवी सबब. वीट आपटणारच होतो, तुमच्या सुनेने हातातून काढून घेतली आणि साच्यात ठेवून बघितली. आणि ती हसायला लागली. बाबा, वीट साच्यात खुळखुळत होती. भाजल्यावर वीट आटते हे तर बाळही जाणतं, पण इतकी? तिच्या नि कडेच्या मध्ये तुमचं बोट आडवं जाईल एवढी फट.

मग उजेड पडला. साचा विटेपेक्षा मोठा असतो तो आपल्या मातीच्या आटण्यापुरता. आपल्या नदीच्या मातीच्या. इथली माती लोण्यासारखी, ती जास्त आटते. आणि हे मला, साचेदाराच्या मुलाला, ओढ्याकाठी उभं राहून एकदाही सुचलं नाही! का सुचेल? आपल्याकडे माप म्हणजे साचा आणि साचा म्हणजे सत्य, आणि ते कुठेही न्या, तसंच राहतं, हे मी आईच्या दुधाबरोबर प्यायलोय. दगडवाल्यांत राहून, दगडवाल्यांची मुलगी करून, मी आतून पक्का वीटवालाच निघालो. तुम्हाला आनंद होत असेल तर होऊ द्या.

पण मामाला मी सोडलं नाही. म्हटलं, मापात नाही हे कळलं कसं? हातात घेऊन? साच्यात घालून?

मामा इकडेतिकडे बघायला लागला. त्याला खोटं बोलता येत नाही, म्हणून तर त्याला मिठाच्या धंद्यात बरकत नाही.

"भिंतीत घालून बघितली," तो म्हणाला.

"कुठल्या भिंतीत?"

"टाचांच्या. मी तुझ्या आईच्या हातचा चहा घेत होतो. तुझा बाप मला पाठ करून भिंतीपाशी उभा होता. वीट घातली. हलली. काढली, फिरवून घातली. पुन्हा हलली. बराच वेळ तसाच उभा होता, तिच्यावर तळहात ठेवून. फटीत चिखल भरला असता तर बसली असती, पण ते चालत नाही म्हणे तुमच्यात."

नाही चालत. टाचेच्या विटेला भर घालायची नसते. जी आपल्या अंगाने बसते तीच आपली. तुम्हीच शिकवलंय.

मामा गेल्यावर माझ्या डोक्यात प्रकाश पडला. त्या भिंतीत रिकामी जागा कुठे आहे? माझ्या एका बाजूला दादा, दुसऱ्या बाजूला आत्या, वर आजोबा. तुम्ही खडीची वीट घातलीत ती कुठल्या खाचेत?

माझ्याच ना?

म्हणजे माझी वीट निघालीय. मंडळींच्या सांगण्यावरून काढलीत. आणि त्याच भोकात माझ्या मुलीची बसते का ते बघत होतात.

मी या गोष्टीला चांगली म्हणायला तयार नाही. वाईट म्हणायला गेलो तर तेही जमत नाही. तुमच्यावर मन भरून चिडायचं म्हटलं तरी तुम्ही चिडू देत नाही, हा तुमचा सगळ्यात मोठा दोष.

खडी आज बादली धरून उभी राहिली आणि बादलीसकट दोन पावलं सरकली. तुमची सून म्हणते, बादली धरून चाललं तर ते चालणं नव्हे. मी म्हटलं, नव्हे. आम्ही दोघंही घाबरलोय.

काही लिहू नये असं वाटतंय, म्हणून इथेच थांबतो.

बर्फ फुटायचे दिवस

बाबा,

वरची तारीख इथल्या पद्धतीची आहे. तुमच्याकडे पूर चढायला अजून अवकाश असेल.

वीट बसली.

तुमचं माप मिळावं म्हणून दुसरा मोठा साचा करून पुन्हा वीट पाडावी, असं मी म्हणत होतो. लाकूडही आणलं होतं. सासरे म्हणाले, "का?" मी म्हटलं, ही बारीक आहे. ते म्हणाले, "कशापेक्षा?"

मी लाकूड खाली ठेवलं.

इथलं काम असं चालतं, बाबा. इथे एक दगड दुसऱ्यासारखा नसतो आणि असावा असं कुणाला वाटतही नाही. एक दगड ठेवायचा, मग त्याच्या अंगाला बघून शेजारचा कापायचा, मग त्या दोघांना बघून तिसरा. ज्याला कोपरा आलाय त्याचा कोपरा कुणी तोडत नाही, शेजारचा तेवढा आत घेतो. सासऱ्यांच्या घराच्या भिंतीत एक बारा कोनांचा दगड आहे, तो त्यांच्या आजीने बसवला म्हणतात. भिंत त्याच्या कलाने उभी आहे.

त्यांनी खडीची वीट आपल्या दाराजवळच्या भिंतीतल्या दगडावर टेकवून कोळशाने भोवती रेघ ओढली. तेवढ्यात खाणीचा थोरला पंच आला. त्याचंही चूक म्हणवत नाही, त्यालाही आपले नियम आहेत. म्हणाला, "भिंतीत माती घालणार? ज्यांनी नदी नेली त्यांची?"

"पोरीची टाच आहे," सासरे म्हणाले.

"उद्या पाऊस लागला की विरघळेल."

"भाजलेली आहे. तुझ्या डोक्यापेक्षा पक्की."

"पंचायत बसेल."

"बसू दे. जागा नसेल तर माझ्या अंगणात बसा, भिंतही बघायला मिळेल."

पंच दारातच उभा राहिला, गेला नाही. सासऱ्यांनी घण उचलला. त्यांचा एक गुडघा काम देत नाही, म्हणून खाली मी, वर तुमची सून, मध्ये ते. खाच घ्यायची, कोळसा फासलेली वीट लावून बघायची, काढायची, जिथे अडते तिथे कोळसा लागतो, तेवढं पुन्हा कापायचं. विटेला कुणी छिन्नी लावली नाही. दगडच मागे सरकत राहिला. खडी बादलीपाशी उभी राहून प्रत्येक घावाला डोळे मिटत होती. शेवटी सासऱ्यांनी तळहाताने वीट आत लोटली. ती आवाज न करता गेली. मी फटीत नख घालून बघितलं. गेलं नाही.

भर घातलेली नाही, बाबा. आपल्या अंगाने बसलीय. नियम पुरा झाला. आणि त्याच दिवशी, ऊन कलल्यावर, खडीने बादली सोडली आणि आपल्या आईकडे चालत गेली. पंच तेव्हाही दारातच होता. तो म्हणाला, "आधी वीट, मग पाय. बरोबर?" मी म्हटलं, बरोबर. तो म्हणाला, "पंचायतीत एवढं मी सांगेन," आणि गेला. पंचायत बसायची आहे अजून. काय व्हायचं ते होईल. दगड आता काही केल्या परत वाढणार नाही.

तर तुमच्या भिंतीत तिला जागा नव्हती. ठीक. मी पुन्हा मागणार नाही, ती मोठी झाली तरी तिलाही मागू देणार नाही. तिच्यासाठी डोंगर मागे सरकलाय, तिने कुणाच्या दारात उभं का राहावं?

आता शेवटचं.

माझी वीट तुम्ही फोडलेली नाही. फोडली असं सांगू नका. मामा म्हणतो, चौकात तुकडे पडले, मंडळींनी बघितले, पण त्यांत टाचेचा तुकडा कुणाला दिसला नाही. तुम्ही दुसरीच कुठली तरी साधी वीट फोडलीत. सगळ्या विटा एका मापाच्या, एका रंगाच्या, तुकड्यांवरून कोण ओळखणार! आयुष्यभर अर्ध्या बोटाची चूक खपवून न घेणाऱ्या माणसाने अख्ख्या मोहल्ल्याच्या डोळ्यांत धूळ फेकली. मी हे कुणाला सांगणार नाही. पण मला ते फार आवडलं.

ती वीट कुठे लपवली असेल तेही माहीत आहे. तेलाच्या डब्यामागे. तिथे ठेवू नका, ओल लागते.

पाठवून द्या. खडीच्या विटेच्या शेजारी मी स्वतः जागा कापलीय, सासऱ्यांनी छिन्नीला हात लावला नाही. वीट समोर नव्हती, पण हवी कशाला? माप हातात बसलंय. जाडीच्या दुप्पट रुंदी, रुंदीच्या दुप्पट लांबी. सगळ्या विटा एकाच मापाच्या असण्याचा मला जन्मात पहिल्यांदा उपयोग झाला. तुमच्या साच्यातली असेल तर नख जाणार नाही. गेलं तर चूक तुमची.

मामाच्या हाती पाठवा. किंवा स्वतः घेऊन या, मिठाच्या ट्रकात पुढे दोन माणसांची जागा असते, आईलाही बसवा. आलात तर एक आधीच सांगून ठेवतो, नंतर कुरकुर नको. इथली दारं बुटकी आहेत. आत यायला तुम्हाला वाकावं लागेल. मी रोज वाकतो, त्याने काही मोडत नाही.

तुमचा
धाकटा